रिकाम्या गावाचं बुकिंग

"खयचे दिवस मोकळे आसत ते देवाक सावकाश वाचून दाखय," बाबलकाका म्हणाले, आणि मी रवळनाथाच्या गाभाऱ्यासमोर मांडी घालून, मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये बघत देवाला तारखा वाचून दाखवू लागले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तरी त्या सकाळी देवळात जमलेली माणसं मला अजून एकेक करून दिसतात. तातू गुरवांनी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचं होय, डावी पडली तर नाही. आमच्या कांदळवाडीत या कौलाच्या वरचं कोर्ट नाही. विहीर खणायची असो, सोयरीक जुळवायची असो की दोन भावांत माड वाटायचे असोत, शेवटी पाकळी काय म्हणते ते बघायचं आणि गप्प घरी जायचं.

"पुढच्या महिन्याचा पहिला आठवडा," मी म्हणाले. "अजून एकही बुकिंग नाही."

पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"दुसरा आठवडा. कयाकला दोन माणसं आहेत, पण त्यांना सरकवता येईल." देवाशी बोलतानाही माझी भाषा आपोआप ऑफिसातली झाली होती. देवाला ती रुचली नसावी. तिसरा आठवडा वाचला, नाताळानंतरचे दिवस वाचले, अगदी संक्रांतीपर्यंत गेले. देव ढिम्म. मागे कुणीतरी जांभई दिली आणि बाबलकाकांनी मान वळवून त्याच्याकडे डोळे वटारले.

आम्ही देवाकडे मागत होतो ते एवढंच, की बाबा, गावपळण जरा पुढे ढकल. गावपळण म्हणजे तीन-चार वर्षांतून एकदा देव कौल देतो आणि अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या, सगळी. मागे गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी बांधायच्या, भजनं म्हणायची, मासे भाजून खायचे आणि देवाने बोलावलं की परतायचं. का जायचं, असं विचारलं तर जो तो वेगळं कारण सांगतो. कधी जायचं ते मात्र एकट्या देवाला ठाऊक असतं, आणि तो चार-आठ दिवसांपेक्षा जास्त मुदत देत नाही. नेमकं इथेच त्याचं आणि माझं वाजलं होतं.

मी पुण्याच्या एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करत होते. कंपनीने एका सकाळी माझ्यासकट अर्धा मजला घरी पाठवला. माझे साहेब निनाद केळकर यांच्यावर ही बातमी सांगायची कामगिरी आली होती, आणि सांगता सांगता ते स्वतःच इतके हळवे झाले की शेवटी मीच त्यांना पाणी आणून दिलं. गावी आले आणि आईला सांगितलं, रजा घेतली आहे. आईने माझी रजा महिनाभर लांबताना बघितली आणि एक दिवस वालीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली, "रजा बरी आसा तुझी. संपाक नको." बाबा गेल्यापासून त्या घरात ती एकटीच होती. तिच्याजवळ राहायचं, आमच्या ओसरीवर बसून काम करायचं आणि दोघींपुरतं मिळवायचं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काहीही करायला तयार होते, आणि ही गोष्ट बाबलकाकांनी बरोबर हेरली.

बाबल परब म्हणजे आमच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष. जन्मभर शाळेत कवायत शिकवली आणि निवृत्त झाल्यावर तीच शिट्टी गावाच्या गळ्यात बांधली. कुठल्याशा शिबिरातून ते 'अनुभव' हा शब्द शिकून आले होते. पर्यटकाला खोली नको असते, त्याला अनुभव हवा असतो, असं ते दिसेल त्याला थांबवून सांगत. मग समितीने बसून अनुभव काढले. खाडीत कयाक वल्हवणं, ओहोटीला तिसरे म्हणजे शिंपल्या वेचणं, माडावर चढणाऱ्याला खालून बघणं आणि आमच्या आईच्या हाताखाली घावणे घालणं. गावाची वेबसाइट मी बनवून दिलीच होती. आता तिच्यावरून पर्यटकाने हे अनुभव पुण्या-मुंबईत बसून बुक करावेत, असा ठराव झाला.

असली गोष्ट कुणी शहाणा माणूस मुळापासून लिहीत नाही. त्यासाठी जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररी मिळतात. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी वाटून ठेवलेलं वाटप, आपण फक्त आपल्या आमटीत घालून ढवळायचं. मी एक निवडली. आपल्या पानावर चार ओळी जोडल्या, प्रत्येक अनुभवाचं नाव, त्याला लागणारा वेळ आणि किती माणसं मावतील ते तिला सांगितलं, की बाकीचं तीच बघायची. कॅलेंडर मांडायची, जागा धरायची, पाहुण्याला मेल पाठवायची, पाहुणा गेला की त्याच्याकडून तारे मागायची आणि पाहुण्याची तक्रार घरमालकाला कळवायची. सकाळी चहा घेऊन बसले होते, दुपारच्या जेवणाला उठेपर्यंत कांदळवाडी बुक करता येऊ लागली. बाबलकाकांनी स्वतःच्या नावाने एक कयाक बुक करून बघितली आणि पोहता येत नसल्यामुळे लगेच रद्द केली.

लायब्ररीला फक्त एक गोष्ट आधी लागत होती, वर्षाचे बंद दिवस. मी समितीला विचारलं. त्यांनी जत्रा सांगितली, शिमगा सांगितला, बाबलकाकांच्या पुतण्याचं लग्न सांगितलं. मग तातू गुरव कोपऱ्यातून म्हणाले, "आणि गावपळण?"

"कधी आसा, आजोबा?"

"ता देवाक ठावक."

लायब्ररीत तारीख लिहायला चौकोन होता. देवाला ठाऊक, असं लिहायला नव्हता. पाहुणे उगाच बिचकतील म्हणून तिथे काहीच लिहू नये, असं समितीने एकमताने ठरवलं आणि मी तो चौकोन रिकामा ठेवला.

बुकिंग येऊ लागली. सुरुवातीला दोन-चार जोडपी आली, एक फोटोग्राफर आला. आणि मग एक दिवस गावातल्या सगळ्या खोल्या आणि सगळे अनुभव एकाच माणसाने धरले. निनाद केळकर. कंपनीत जे उरले होते त्यांचा आपापसातला जिव्हाळा वाढवण्यासाठी त्यांना तीन दिवस कुठेतरी न्यायचं होतं. साहेबांनी फोनही केला. तुझं काम पाहून फार वाईट वाटलं, म्हणाले, मग म्हणाले, म्हणजे छान वाटलं. किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांना अशीच बुकिंगची सोय करून द्यायचं काम त्यांच्या कंपनीला मिळत होतं. इथला मुक्काम व्यवस्थित झाला तर ते काम माझ्याकडे, तेही कांदळवाडीत बसून. म्हणजे ओसरी, आई आणि पगार तिन्ही एका जागी. मी आईला सांगितलं तशी ती उठली. आत जाऊन देवापुढे साखर ठेवून आली.

त्याच आठवड्यात मानकऱ्यांनी नेहमीप्रमाणे कौल लावला आणि देवाने धाडकन उजवी पाकळी दिली. गावपळण. येत्या शुक्रवारपासून तीन दिवस. शुक्रवार तोच, निनाद केळकरांचा.

पाहुण्याने रद्द केलं तर लायब्ररी काही म्हणत नसे. यजमानाने ऐनवेळी रद्द केलं तर मात्र गावाच्या पानावर लाल शिक्का बसे, आणि तो कसा काढायचा हे ती लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मी हे समितीला सांगितलं. माझी ओसरी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती.

मग गावात उलटीच गंमत सुरू झाली. जन्मभर देवाचं नाव घेतल्याशिवाय पाणी न पिणारे बाबलकाका चारचौघांत म्हणू लागले, की जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून पाकळ्या बघत बसलोय. आणि मिठबावकर सर, जे शाळेत विज्ञान शिकवायचे, दर गावपळणीला निषेध म्हणून घरात दार लावून बसायचे आणि भूक लागली की मागच्या दाराने माळावर जेवायला यायचे, ते आता देवळाच्या पायरीवर उभे राहून परंपरेची महती सांगू लागले. सरांना समितीवर घेतलं नव्हतं, एवढं एकच कारण त्यामागे होतं आणि ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शेवटी देवालाच पुन्हा विचारावं असं ठरलं, आणि म्हणून मी त्या सकाळी लॅपटॉप घेऊन गाभाऱ्यासमोर बसले होते.

संक्रांतीपर्यंतच्या तारखा संपल्या तेव्हा मी लॅपटॉप मिटला. मला रडू येत होतं. बाबलकाकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पुढे सरले आणि हात जोडून त्यांनी स्वतःच गाऱ्हाणं घातलं.

"देवा म्हाराजा, गावान भायर जावचा ह्या तुझा म्हणणा. गाव जायत, एक पोर मागे रवाचा नाय. पण पाहुणे काय गाव न्हय. ते आमच्या घरात रवले तर तुझी काय हरकत आसा?"

हे विचारायचं कुणाला बापजन्मी सुचलं नव्हतं. बाबलकाका जरा वेळ थांबले, मग कपाळ पुसत म्हणाले, "गरम होता," आणि खांबावरचं बटण दाबलं. मार्गशीर्षातली सकाळ होती, म्हातारे कानटोप्या घालून उभे होते. देवळातला पंखा बाबलकाकांनीच दिलेला. त्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांच्या वडिलांचं आणि त्यांचं नाव रंगवलेलं होतं. नावं फिरू लागली, मग दिसेनाशी झाली, आणि उजवी पाकळी पडली. डावीही पडली, पण जराशी मागून.

तातू गुरव बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिले. "कौल झालो," ते शेवटी म्हणाले. मिठबावकर सरांच्या ओठांवर वाऱ्याचं विज्ञान आलं होतं, हे मी पाहिलं. पण त्या दिवशी ते देवाच्या पक्षात होते, त्यामुळे त्यांना ते गिळावं लागलं.

शुक्रवारी आमचा गाव गाठोडी, टोपल्या आणि गुरं घेऊन खाडीवरच्या साकवावरून पलीकडे निघाला आणि समोरून निनाद केळकरांची माणसं चाकांच्या बॅगा खडखडवत आली. अरुंद साकव, दोघांना एकमेकांना अंग चोरून जागा द्यावी लागली. साहेबांनी मला ओळखलं, हात हलवला आणि विचारलं, "तुम्ही सगळे कुठे निघालात?" मी म्हणाले, "अनुभवाचाच भाग आहे, सर." त्यांना ते फार आवडलं. आईने घावण्यांचं पीठ भिजवून झाकून ठेवलं होतं, कारण पाहुण्यांनी घावणे बुक केले होते. साकवाच्या टोकाला उभ्या असलेल्या बाबलकाकांनी साहेबांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. वेबसाइटवर मी प्रत्येक अनुभवापुढे 'स्वतः' असा शब्द घातला. घावणे स्वतः, कयाक स्वतः, तिसरे स्वतः.

संध्याकाळी माळावर खोपीसमोर सगळे खाडीकडे तोंड करून बसले. गावपळणीत पलीकडे नुसता काळोख बघायचा असतो. म्हाताऱ्या माणसांना त्या काळोखाचं बरं वाटतं, वर्षानुवर्षांची घरं जरा टेकली असं वाटतं. त्या संध्याकाळी पलीकडे एकेक करून आमच्याच घरांचे दिवे लागले. आई उभी राहिली आणि डोळ्यांवर हात धरून बघत म्हणाली, "आमच्या माजघरातलो दिवो लागलो. पाटो-वरवंटो हलवल्यानी नाय म्हणजे मेळवलय."

पाहुणे गेले आणि तारे आले. पाचपैकी पाच, एकजात सगळ्यांचे. एकाने लिहिलं, यजमान अतिशय समजूतदार, एकदाही दिसले नाहीत. दुसरीने लिहिलं, जात, गोत आणि लग्न न विचारता जेवायला मिळणारं कोकणातलं हे पहिलंच ठिकाण. स्वतः निनाद केळकरांनी लिहिलं, गावात माणसं नसल्यामुळे गाव फार अस्सल वाटतं. आणि सोमवारी मला काम मिळालं. आईने पुन्हा साखर ठेवली. मी ओसरीवर टेबल मांडलं, आणि एवढं सुख मला पुण्यात कधी झालं नव्हतं.

पण पाच तारे ज्या गावाला मिळतात ते गाव पाचांवर थांबत नाही. रिकामी कांदळवाडी हवी म्हणून मागण्यांचा पाऊस पडू लागला. माणसांसकट कांदळवाडी कुणालाच नको होती. लायब्ररीत प्रत्येक अनुभवाखाली एक छोटासा चौकोन असतो, 'दर आठवड्याला पुन्हा'. समितीने ठराव केला आणि मी त्या चौकोनात खूण केली. तातू गुरव म्हणाले, देवाला विचारायला हवं. बाबलकाका म्हणाले, अवश्य, आणि देवळात आणखी एक पंखा बसवला.

मग आमचा गाव दर शुक्रवारी पळू लागला. पहिले काही आठवडे सहलच होती. मिळकत घराघरांत सारखी वाटली जायची, त्यामुळे भांडायलाही कुणाला निमित्त उरलं नव्हतं. कोंबड्यांना तर इतकी सवय झाली की शुक्रवारी दुपार कलली की त्या आपणहून रांगेने साकवावर चढत. झावळ्यांच्या खोपींवर पत्रे आले, पत्र्यांखाली चिऱ्यांच्या भिंती आल्या. शुक्रवारचा गुरुवार झाला, रविवारचा सोमवार झाला. उन्हाळ्याच्या सुटीत तर समितीने मधले दिवसही विकून टाकले आणि आम्ही माळावरच राहिलो. देव तेवढा पलीकडे उरला, पाहुण्यांत. माझं काम उत्तम चाललं होतं. घरी राहून करायचं काम मिळालं म्हणून मैत्रिणी माझा हेवा करत होत्या, आणि मी चिऱ्याच्या एका खोलीत बसून खाडीपलीकडचं माझं घर बघत ते काम करत होते.

आईने कधी कुरकुर केली नाही. माझी नोकरी त्या चौकोनावर उभी आहे हे तिला कळत होतं. मे महिन्यात एका दुपारी मात्र ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "माका एकदा आपल्या घरात निजाचा आसा," ती म्हणाली.

"बाबलकाकांक सांगतंय."

"तेका कित्याक? तुझ्या तेच्यार जागा आसा काय बघ."

मी वेबसाइटवर बघितलं. कुणीतरी आयत्या वेळी रद्द केल्यामुळे आमचंच घर एका दिवसासाठी मोकळं होतं. मी दोन माणसं भरली, पैसे भरले. लगेच मेल आली, मीच लिहून ठेवलेली. कांदळवाडीत आपलं स्वागत, आपलं हक्काचं घर आपली वाट बघत आहे. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, "बरा लिवलंस."

आम्ही गेलो तर वेळेआधीच गेलो. साकवाच्या टोकाला बाबलकाका किल्ल्या घेऊन उभे होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला, पण घर दुपारशिवाय उघडायचं नाही हा नियम त्यांचाच होता आणि आसपास दुसरे पाहुणेही होते. त्यांनी आम्हाला सावलीत बसवलं आणि स्वागताचं कोकम सरबत दिलं. आईने ते पिऊन त्यात साखर जास्त झाल्याचं सांगितलं. घर उघडल्यावर ती खोल्याखोल्यांतून फिरली, पाटा-वरवंटा जागेवर सरकवला, भिंतींवरून हात फिरवला आणि मग माजघरात लाद्यांवर पदर पसरून झोपली. मी तिला इतकी गाढ झोपलेली कधी पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर सोडायची वेळ झाली. आम्ही झाडून, पुसून, किल्ली देऊन निघालो. साकवाच्या मध्यावर माझा फोन वाजला. लायब्ररी तारे मागत होती.

"किती देवया?" मी आईला विचारलं.

"तीन."

"तीनच?"

"घर बरा आसा. निवळ आसा. पण लिव, घरची माणसा खय गेली काय म्हायत. ती भेटली असती तर बरा झाला असता."

माझ्याच्याने वर बघवेना. मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आणि पाठवले. आम्ही दोन पावलं चाललो नसू तेवढ्यात आईच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. तिने चष्मा आणला नव्हता म्हणून मीच वाचलं. घरमालक म्हणून तिला कळवलं होतं: आपल्या घरी मुक्काम केलेल्या एका पाहुण्याला घरची माणसं भेटली नाहीत, कृपया स्वतः त्वरित लक्ष घालावे.

आईने मला ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग ती साकवावर वळली आणि घराच्या दिशेने चालू लागली.

"आई, घर सोडलव आपण. दुसरे पाहुणे येतले."

"येवंदेत," ती म्हणाली. "माका लेखी बोलावणा इला हा."

बाबलकाका टोकाला किल्ल्या घेऊन आडवे उभे होते. तिने त्यांच्या हातातून आमची किल्ली काढून घेतली, आणि ते बाजूला झाले. मी लॅपटॉपची पिशवी खांद्यावर सारखी केली आणि तिच्या मागोमाग गेले.